आधी फिल्टर, मग पंप: बोटीच्या छोट्या डिझेल इंजिनाचा धूर कसा वाचायचा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवलेल्या, इंजिनं गप्प. ऑगस्ट लागला की मात्र बंदरोबंदरी त्याच तक्रारी ऐकू येतात. सेल्फ मारून बॅटरी उतरली, पण इंजिन उचलत नाही. उचललं तर पांढरा धूर सोडतंय. धूर निवळला तर बंदर सुटल्यावर अर्ध्या तासात आपोआप बंद पडतंय. मग कुणीतरी जाणकार चेहऱ्याने निदान करून टाकतो, "डिझेल पंप गेलाय."

पंप कधीच जात नाही असं नाही. पण तो शेवटचा संशयित आहे. सगळ्यात महाग, सगळ्यात नाजूक आणि उतरवला की टायमिंग, म्हणजे फवाऱ्याची नेमकी वेळ, जुळवून बसवावा लागणारा. त्याच्या आधी रांगेत टाकी, पाइप, फिल्टर आणि चार-दोन रुपयांचे वॉशर उभे असतात, आणि बहुतेक वेळा चोर त्यांच्यातच सापडतो. म्हणून शोध स्वस्ताकडून महागाकडे न्यायचा. कुठून सुरुवात करायची हे धूर सांगतो.

पुढचं सगळं जुन्या पद्धतीच्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांसाठी आहे. एक-दोन सिलिंडरपासून सहा सिलिंडरपर्यंत, किनाऱ्यावरच्या बहुतेक मच्छीमार बोटींत आणि प्रवासी लाँचमध्ये असतात तशी. तुमचं इंजिन कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणारं नवं इंजिन) असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की त्याच्या नळ्यांत १,००० बारहून अधिक दाब असतो. त्याचा नट सैल करून बघण्याचा प्रयोग करायचा नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते आणि त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा अगदी बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेटतो. म्हणजे गरज तीनच गोष्टींची: भरपूर हवा, चांगली दाब आणि वेळेवर आलेला बारीक फवारा. यातलं काय बिघडलं त्यावर धुराचा रंग ठरतो.

फवारा किती बारीक? दोन सिलिंडरचं इंजिन २,४०० आरपीएमला तासाला चार लिटर पीत असेल, तर एका फवाऱ्यात जेमतेम ०.०३ मिलिलिटर डिझेल जातं. पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. एवढंसं माप मोजून, दीडशे-दोनशे बारच्या दाबाने ढकलायचं, तेही सेकंदाला वीस वेळा. म्हणून पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाचीच फट ठेवलेली असते. तिथे वाळूचा अदृश्य कण गेला तरी ओरखडा पडतो, आणि पाणी गेलं तर दुसऱ्या दिवशी गंज.

धूरच नाही

सेल्फ फिरतोय, इंजिन घुमतंय, पण एक्झॉस्टमधून काहीच येत नाही. याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. सगळ्यात आधी स्टॉपची केबल बघा. हसू नका. दोन महिन्यांत गंजून ती अर्धवट ओढलेल्या जागी अडकते आणि पंपाला वाटतं, इंजिन बंद ठेवायचंय. मग टाकीचा कॉक. त्यानंतर डिझेलमधलं पाणी आणि एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा, त्यांच्याकडे खाली सविस्तर येतो.

सेल्फ मारताना थोडा पांढुरका धूर येत असेल तर ती चांगली बातमी. डिझेल पोहोचतंय, पेटत नाहीये. आता हवा अडलीय का, बॅटरी अशक्त झाल्याने इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाहीये का, ते बघायचं. हळू फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते, तापत नाही.

पांढरा धूर

पांढऱ्या धुरात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की माणूस भलतीच वस्तू उघडून बसतो. एक म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. ही डोळ्यांना झोंबते, डिझेलचा वास येतो आणि बोटीमागे पाण्यावर तरंगत राहते. दुसरी पाण्याची वाफ. तिला वास नसतो आणि ती काही फुटांवर हवेत विरून जाते.

डोळे चुरचुरत असतील तर डिझेल पेटायला उशीर होतोय किंवा पेटतच नाहीये. थंड इंजिन पहिल्या मिनिटात असा धूर टाकतं, ते सोडून द्या. आपल्याकडच्या हवेत तो लवकर निवळायला हवा. निवळला नाही तर डिझेलमध्ये पाणी, लाइनमध्ये एअर, एखादं नोझल फवारा न मारता धार सोडणारं, नाहीतर झिजलेल्या रिंगांमुळे कॉम्प्रेशन गेलेलं. टायमिंग मागे गेल्यानेही असाच धूर येतो. पण गिअरवर फिरणाऱ्या पंपाचं टायमिंग सहसा आपलं आपण सरकत नाही. पंपाला कुणी हात लावला नसेल तर टायमिंगचा संशय खाली ढकला. नुकताच पंप उतरवून बसवला असेल तर मात्र तोच पहिला.

पाण्याची वाफ असेल तर प्रश्न कूलिंगचा. ज्या बोटींत थंड करणारं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमधूनच बाहेर टाकलं जातं, तिथे पाणी कमी झालं की उरलेलं उकळून वाफ होते. वॉटर पंपाच्या इंपेलरची रबरी पाती तुटली आहेत का, तळाच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, ते बघा. अलीकडे पिशव्यांचंच प्रमाण जास्त. कोरड्या एक्झॉस्टमधून वाफ येते आणि कूलंटही घटतंय, तर हेड गॅस्केटकडे (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगकडे) बोट जातं. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. खारं पाणी बेअरिंगची वाट एका फेरीत लावतं.

काळा धूर

काळा धूर म्हणजे कच्चा जळलेला कार्बन. डिझेल जास्त, हवा कमी. लोक यातल्या डिझेलवर बोट ठेवतात, हवा विसरतात. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते, आणि व्यवहारात इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. बोटीचं इंजिन ट्रकसारखं वाऱ्याला तोंड करून बसलेलं नसतं. ते फळ्यांच्या पेटीत कोंडलेलं असतं, वर जाळी आणि दोरखंडांचा ढीग. म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. बोट भार घेऊन धावत असताना इंजिन रूमचं झाकण उघडा. धूर कमी झाला, आरपीएम थोडा वाढला, तर इंजिन गुदमरतंय. एअर फिल्टर साफ करा, हवेची वाट मोकळी करा. (झाकण उघडताना फिरता पट्टा आणि लुंगीचं टोक यांच्यात अंतर ठेवा.)

दुसरी चाचणी भाराची. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वच्छ रेस घेतं, पण गिअर टाकून पूर्ण रेस दिली की काळं ओकतं आणि वरच्या आरपीएमला पोहोचत नाही. समजा इंजिनाच्या प्लेटवर २,२०० लिहिलंय आणि मिळतायत १,९००. इथे नोझलला शिव्या देण्याआधी पाण्याखाली बघा. पंख्यात जाळं किंवा दोर गुंतलाय का? तळाला शिंपले आणि शेवाळ चढलंय का? आणि ऑफ सीझनमध्ये पंखा बदललाय का? वेग वाढेल म्हणून जास्त पिचचा (पात्यांना जास्त पीळ असलेला) पंखा बसवायची हौस बरीच जणांना असते. इंजिन तो ओढू शकत नाही, गव्हर्नर मात्र आरपीएम गाठण्यासाठी डिझेल ओतत राहतो. वेग तेवढाच, डिझेल जास्त, पिस्टनवर कार्बन आणि दोन हंगामांत इंजिन ओव्हरहॉलला. मच्छीमारांना मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा हाती आला तरी हा खर्च काही तो भरून काढत नाही.

ओल्या एक्झॉस्टमध्ये आणखी एक जागा आहे. जिथे गरम धूर आणि समुद्राचं पाणी एकत्र येतं, त्या एल्बोमध्ये कार्बन आणि मीठ मिळून दगडासारखा थर जमतो. भोक लहान होत जातं, इंजिनाला श्वास सोडता येत नाही. हे महिनोन्महिने हळूहळू होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एल्बो काढून बॅटरी मारून आत बघितलं की काम झालं.

हवा ठीक, भार ठीक, तरी काळा धूर आणि त्याबरोबर ठोका येत असेल, तर मग नोझल.

निळा धूर

निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्ह गाइड, किंवा ऑइल जास्त भरलेलं. इथे एक गोष्ट मात्र जपून बघायची. ऑइलची पातळी आपोआप वाढलीय का? ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं, वाढलं की लोक खूश होतात. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य डिझेल पंपाकडे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटला की डिझेल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पट्टीला डिझेलचा वास येतो. हे ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही. पातळी फार चढली तर ते वरून सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन त्यावरच पळत सुटतं. मग स्टॉप ओढून उपयोग नाही, कारण ते पंपाच्या डिझेलवर चाललेलंच नसतं. एकच उपाय, हवा बंद करणं: फळी किंवा जाड कापडाची घट्ट घडी एअर इनटेकवर दाबायची. हात लावायचा नाही.

पाणी कुठून येतं

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. ते येतं कुठून यावर "दमट हवेमुळे टाकीत दव धरतं" हे उत्तर ठरलेलं आहे. धरतं, पण थोडं. माझ्या मते मोठे गुन्हेगार दोन. डेकवरच्या फिलरच्या झाकणाची कडक झालेली रबरी रिंग, जिच्याभोवती पावसाळाभर पाणी तुंबतं. आणि उघड्यावर उभी ठेवलेली बॅरलं, ज्यांच्या तोंडावर पाणी साचून बुचाच्या आट्यांतून आत झिरपतं. बॅरल आडवं ठेवा, नाहीतर निदान तिरकं.

तळाचं पाणी आणि वरचं डिझेल जिथे भेटतात, तिथे जीवाणू आणि बुरशी वाढते. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी यात कुप्रसिद्ध आहे. ती डिझेल खाते, पाण्यात राहते आणि काळपट-तपकिरी शेंबडासारखा लगदा तयार करते. बंदरात शांत पाण्यात हा लगदा तळाशी निवांत पडून असतो. बोट खाडीच्या मुखाशी लाटांवर आपटायला लागली की टाकी ढवळून निघते आणि सगळा गाळ एकदम फिल्टरवर येतो. इंजिन नेमकं नको तिथे का बंद पडतं, याचं उत्तर नशिबात नाही, टाकीच्या तळाशी आहे.

तपासणी सोपी. टाकीच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. हे काम सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी करायचं. फेरीवरून आल्या आल्या सगळं ढवळलेलं असतं, काही कळत नाही. लगदा दिसला तर बुरशीनाशक औषध टाकीत ओतून मोकळं होऊ नका. मेलेली बुरशीही फिल्टर तितकाच तुंबवते. आधी पाणी काढा, टाकी धुवा, मग औषध.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह होतो तोही आवरा. पंपाच्या आत वेगळं वंगण नसतं, डिझेलच वंगण. देशभर १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणलंय. ते काढताना डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमताही घटते, आणि ती भरून काढायला त्यात ॲडिटिव्ह घालावं लागतं. त्यात रॉकेल ओतलं की पंपाचा दट्ट्या कोरडा घासतो.

एअर धरली म्हणजे काय

डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दट्ट्या पुढेमागे होत राहतो, बुडबुडा आकसतो आणि पसरतो, आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

आता गंमत अशी, की एअर जिथून शिरते तिथे गळती दिसत नाही. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं, तिथे फट पडली तर थेंब टपकतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत ते ओढलं जातं. शहाळ्यात घातलेल्या स्ट्रॉला वर भोक पडलं तर पाणी बाहेर येत नाही, तोंडात हवा येते, तसंच इथे. इंजिन चालू असताना सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि आत बुडबुडे जात असतात. शोधायचं कसं? फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे डोळ्यांना दिसतील. मग टाकीच्या दिशेने एकेक सांधा तपासत जा. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग, क्लिपखाली चिरलेला होज. फिल्टर बदलताना जुनी रिंग वर चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, हेही नेहमीचं.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं छान चालून बंद पडतं, थोडं थांबून पुन्हा सुरू होतं, असं असेल तर एअरपेक्षा वेगळा संशय घ्या. टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर टाकीची श्वासनळी तुंबलीय. बऱ्याचदा कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर केलेलं असतं. सुस्कारा नसेल तर टाकीतल्या ओढपाइपाच्या टोकाची जाळी बघा. लगदा ओढीने जाळीला चिकटतो, इंजिन बंद पडलं की सुटून खाली पडतो, म्हणून ते पुन्हा सुरू होतं.

या सगळ्या शक्यतांत एका फटक्यात विभागणी करणारी चाचणी म्हणजे कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच, घट्ट बांधून ठेवा आणि त्याचा पाइप थेट इंजिनावरच्या फिल्टरला जोडा. रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी, नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. एअर काढून इंजिन चालवा. कॅनवर ते सुरळीत चाललं तर दोष टाकी, पहिला फिल्टर, फीड पंप किंवा मधल्या पाइपात. कॅनवरही तीच रड असेल तरच पुढे बघायचं. पंप उतरवण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे, आणि "पंप गेलाय" म्हणणाऱ्याला ती केली का, हे विचारलंच पाहिजे.

एअर काढण्याचा क्रम डिझेलच्या वाटेनेच जातो. आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारत राहा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. दांडा सैल लागला, पंप काहीच ढकलत नसेल, तर तो कॅमच्या (त्याला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) टोकावर अडकलाय. इंजिन एक फेरा फिरवा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की घट्ट करा. ओला एक्झॉस्ट असेल तर या सगळ्यात समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. इंजिन न पेटता फिरत राहिलं की सायलेन्सर पाण्याने भरतो आणि ते पाणी उलट सिलिंडरमध्ये येतं. इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी कॉक उघडायचा. चावी कॉकलाच बांधून ठेवली तर विसर पडत नाही.

नोझलपर्यंत आलात तर

कोणतं नोझल वाईट हे इंजिन स्वतः सांगतं. संथ चालू ठेवून एकेका नळीचा नट कापड धरून किंचित सैल करा. इंजिन लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता, फरकच पडला नाही तर दोष तिथे. इथे डोळ्यांवर चष्मा हवा, आणि उघड्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही न्यायचा नाही. तो फवारा कातडीतून आत शिरतो. वर सुईएवढंच भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, पण आत डिझेल पसरतं आणि बोट, कधी हात, कापायची वेळ येते. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाने डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा.

दोषी नोझल टेस्टिंग मशिनवर दाखवून घ्या. बसवताना जुना तांब्याचा वॉशर हेडच्या भोकात चिकटून राहिला नाही ना, बॅटरी मारून बघा. त्यावर दुसरा बसला की नोझल वर राहतं, फवारा भलतीकडे जातो आणि नवं नोझल टाकूनही धूर तसाच.

बोटीवर सुटे भाग म्हणून दोन्ही फिल्टर, फिल्टरच्या रिंगा, इंपेलर, हातभर होज, क्लिपा आणि बँजोच्या मापाचे तांब्याचे वॉशर एका डब्यात असू द्या. बँजोचा नवा वॉशर जवळ नसेल आणि जुनाच वापरायचा असेल, तर तो शेगडीवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं असं तापवून घेतलं की मऊ पडतं आणि पुन्हा नीट दाबून बसतं.